लेखणीपूर्वीं हात

सकाळीं साडेसात वाजतां केदारखेड्याच्या रस्त्यावर शाळेची पिवळी मोटार येऊन उभी राहते. आपल्या भागांतील सुस्थित शेतकऱ्यांच्या घरीं हा एक नवाच नित्यक्रम सुरू झाला आहे. तीन-साडेतीन वर्षांचें पोर, ज्यास अजून आपल्या सदऱ्याची गुंडी लावतां येत नाहीं, पाठीवर दप्तर घेऊन त्या मोटारींत चढतें. चढतें कसलें, त्यास उचलून आंत ठेवावें लागतें. दुपारीं तें परत येतें तेव्हां वहीचीं दोन पानें अक्षरांनीं भरून आणण्याचें काम त्याच्या माथीं बसलेलें असतें. मग संध्याकाळीं त्या घरांत जें रामायण घडतें तें शेजाऱ्यापाजाऱ्यांस ऐकूं येतें. पेन्सिल धरवत नाहीं म्हणून मूल रडतें, आई रागावते, आणि ज्यानें कापसाच्या पैशांतून त्या वर्गाची फी भरलेली असते तो बाप "पोरगा ढ निघाला" असा निकाल देऊन मोकळा होतो.

प्रस्तुत लेखकाचा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत कारकुनी करण्यांत गेला. दुसऱ्या बाजूचें म्हणणें न ऐकतां दिलेला निकाल अपिलांत टिकत नाहीं, एवढें तरी त्या नोकरीनें शिकविलें. साडेतीन वर्षांच्या मुलास आपली बाजू मांडतां येत नाहीं; म्हणून ती येथें मांडण्याचें योजिलें आहे. या मासिकांत खतें, बियाणें व बाजारभाव यांविषयीं जाणते लोक लिहितात. त्या पंक्तींत हा विषय कांहींसा वेगळा दिसेल. परंतु तो शेतकऱ्याच्या अंगणांतलाच आहे, हें वाचकांच्या लौकरच ध्यानांत येईल.

प्रथम हात कसा तयार होतो तें पाहूं. आपली समजूत अशी कीं, लिहिणें हें बोटांचें काम आहे. वस्तुतः मुलाचा हात खांद्याकडून बोटांकडे तयार होत जातो. आधीं मान सांवरते, मग पाठीचा कणा ताठ होऊन मूल बसूं लागतें, मग रांगतांना सर्व अंगाचा भार तळहातांवर व खांद्यांवर पडून ते सांधे बळकट होतात. त्यानंतर कोपर, मनगट, आणि सर्वांच्या शेवटीं बोटें. पांचव्या-सहाव्या महिन्यांत मूल सबंध मुठीनें वस्तु ओढून घेतें. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास तेंच मूल भुईवर पडलेला ज्वारीचा दाणा आंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत धरूं लागतें. हा केवढा मोठा पराक्रम आहे याची आपणांस कल्पना नसते; आपण "अरे, तोंडांत घालील" म्हणून तो दाणा काढून घेतों, व तेंही योग्यच असतें. मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्माच्या वेळीं तीं हाडें नसून मऊ कूर्चा असते. एकामागून एक तीं कठीण होत जातात आणि शेवटचें हाड तयार होण्यास नवव्या ते बाराव्या वर्षापर्यंतचा काळ लागतो. अशा मनगटाकडून तिसऱ्या वर्षीं रेघोट्यांच्या चार ओळींमध्यें अक्षर बसविण्याची अपेक्षा करणें म्हणजे दुसा गोऱ्हा खोल नांगरटीस जुंपणें होय. गोऱ्ह्याच्या बाबतींत ही चूक आपल्यांतील कोणी करणार नाहीं.

दुसरी गोष्ट इंद्रियांची. डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा हीं पांच आपणांस शाळेपासून ठाऊक आहेत. परंतु शरीरशास्त्र आणखी दोन जाणिवांचा हिशेब ठेवतें, आणि मुलाच्या वाढींत त्यांचें महत्त्व फार आहे. पहिली तोलाची. कानाच्या आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार सूक्ष्म नलिका असून त्यांत द्रव भरलेला असतो. मान वळली, अंग फिरलें, झोका वर गेला कीं तो द्रव हालतो आणि आपण कसे फिरलों तें मेंदूस कळतें. दुसरी सांध्यांची व स्नायूंची. घागर भरलेली आहे असें समजून उचलावी आणि ती रिकामी निघावी, म्हणजे हात भसकन वर जातो. हा अनुभव सर्वांस आहे. उचलण्यापूर्वींच किती जोर लावावयाचा याचा अंदाज स्नायूंनीं बांधलेला असतो. हा अंदाज जन्मतः येत नाहीं. शेंकडों वेळां उचलून, ढकलून, ओढून, सांडून व पडून तो बसतो. ज्या मुलानें हें कांहीं केलेलें नसतें त्याच्या हातांत पेन्सिल दिली तर एक तर तिचें टोंक मोडतें, नाहीं तर अक्षर उमटतच नाहीं. मास्तर त्यास आळशी म्हणतात. तें आळशी नसतें. त्याच्या स्नायूंपाशीं पुरेसा अंदाज जमलेला नसतो, एवढेंच.

येथें इतिहासांतील एक प्रकरण थोडें सविस्तर सांगणें अवश्य वाटतें, कारण तें आपल्याच महाराष्ट्रांतील आहे आणि आपल्या घरांशीं त्याचा निकटचा संबंध आहे. इटली देशांत मारिया माँटेसरी नांवाच्या विदुषी डॉक्टर होत्या. मंदबुद्धि म्हणून टाकून दिलेल्या मुलांस हाताच्या कामांतून शिकवितां येतें, हें त्यांनीं प्रत्यक्ष करून पाहिलें. आणि १९०७ सालीं रोम शहरांतील एका गरीब वस्तींत सामान्य मुलांसाठीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें मुलें काय करीत? एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पाणी ओतीत, गुंड्या लावीत व काढीत, लांकडी ठोकळे लहानमोठ्या क्रमानें रचीत, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत. लेखणी हातीं येण्यापूर्वींच हात तयार झालेला असे. ही पद्धति आपल्या देशांत आली ती मुख्यतः भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या द्वारें. त्यांनीं १९२० सालीं तेथें दक्षिणामूर्ति बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक या त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढें ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार चालविला.

तथापि ताराबाईंच्या मनास एक गोष्ट बोंचत होती. माँटेसरींचें साहित्य महाग; तें श्रीमंत शहरी मुलांच्याच वांट्यास येणार. खेड्यांतल्या मुलानें काय करावें? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास त्या १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं जाऊन राहिल्या. त्यांच्या हाताखालीं काम करण्यास अनुताई वाघ आल्या. लहानपणींच विधवा झालेल्या व स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या या बाईंनीं पुढील सारें आयुष्य त्याच कामास वाहिलें. बालवाडी उघडली, पण वस्तींतलीं मुलें येईनात. कारण उघड होतें: आईबाप पहाटें कामास जात, मोठें भावंड लहानास सांभाळी. तेव्हां या बायांनीं मुलें शाळेंत आणण्याचा हट्ट सोडला आणि शाळाच उचलून वस्तींतल्या अंगणांत नेली. तीच अंगणवाडी. मुलांस आंघोळ घालणें व केंस विंचरणें येथपासून काम सुरू होई. साहित्य म्हणून शंख-शिंपले, चिंचोके, गोटे, पानें, फुलें, माती व बांबू. माँटेसरींच्या लांकडी ठोकळ्यांनीं जें साधतें तें समुद्राच्या वाळूंतल्या शिंपल्यांनीं साधतें, हें त्यांनीं करून दाखविलें. १९५७ सालीं हें काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तींत नेण्यांत आलें. तेथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं कुरणशाळा काढल्या. म्हणजे गुरें जेथें चरतात तेथेंच मास्तर जाऊन बसावयाचा! ताराबाई १९७३ सालीं व अनुताई १९९२ सालीं निवर्तल्या. सरकारनें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशांतील ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि आज गांवोगांव जी अंगणवाडी दिसते ती त्या योजनेंतली. बोर्डीच्या अंगणांत रूढ झालेलें तें नांव आज देशाच्या कानाकोपऱ्यांत पोंचलें आहे.

हें सर्व सांगण्याचें कारण असें. माँटेसरी बाईंनीं जें साहित्य बनविलें तें घरकामाचीच नक्कल होती, आणि ताराबाईंनीं तें पुन्हां खेड्यांतल्या वस्तूंत उतरविलें. आज आपण काय करतों? घरांत तूर, मका, हरभरा, माती, पाणी व बांध असतांना शहरांतून प्लॅस्टिकचीं खेळणीं विकत आणतों, आणि अंगणांत फरशी बसवून मुलास पलंगावर बसवितों. ज्याची आपणांस लाज वाटूं लागली आहे त्याच गोष्टीसाठीं शहरांतले शहाणे लोक पैसे मोजीत आहेत. असो.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें पाहूं. पहिल्या वर्षांत मुख्य गोष्ट म्हणजे भुई. शेताच्या कडेला झाडास झोळी बांधून बाळ दिवसभर तींत ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. आईला खुरपणी करावयाची असते. तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं. झोळी झोपेसाठीं उत्तम. झोक्यानें तोलाच्या जाणिवेस चालनाही मिळते. परंतु जागें असलेलें मूल झोळींत राहिलें तर त्यास मान उचलण्याचें, कुशीवर वळण्याचें व पालथें पडण्याचें काम उरत नाहीं. रांगूं न लागलेल्या बाळास जागेपणीं दिवसभरांत मिळून निदान अर्धा तास पोटावर खेळूं द्यावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे. घरांत कोणी तरी आजी असतेच. एक स्वच्छ घोंगडी किंवा सतरंजी भुईवर अंथरून बाळास तीवर पालथें घालावें, समोर पितळी वाटी ठेवावी आणि जवळ बसून राहावें. झोपवितांना मात्र उताणेंच निजवावें.

चालण्याच्या वयांत हल्लीं बाजारांतून चाकांची प्लॅस्टिकची गाडी आणतात, जींत मूल मधोमध लोंबकळत बसतें. मूल लौकर चालावें म्हणून ही घेतात. प्रत्यक्षांत तिच्यानें चालणें लौकर येत नाहीं, उलट ओट्यावरून व पायऱ्यांवरून गाडीसह पडून डोकीं फुटतात. कॅनडा देशानें २००४ सालीं तिच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना पांगुळगाडा याहून सर्वस्वीं निराळा. त्यांत मूल बसत नाहीं. उभें राहून तो पुढें ढकलतें. अंगाचा भार त्याच्याच पायांवर पडतो, हात दांड्यावर रोंवलेले असतात, आणि गाडा पुढें पळूं लागला तर पाऊल कसें आंवरावें हें तें आपोआप शिकतें. गांवांतल्या सुताराकडून एक करवून घेतला तर तो तीन पिढ्या पुरतो. चाकें फार गुळगुळीत असूं नयेत, एवढें त्यास सांगावें.

दीड ते तीन वर्षांच्या मुलास मोठ्या वस्तु द्याव्या. टोपलींतले बटाटे व लिंबें एकामागून एक काढून दुसऱ्या टोपलींत टाकणें, ज्वारी मोजण्याच्या मापानें कोरडी वाळू भरणें व ओतणें, धुतलेल्या लहान कपड्यांचें पाणी पिळणें, रिकामी पाटी ओढीत अंगणभर नेणें. हीं कामें मुलास सांगावीं लागत नाहींत. तें आपण होऊन करूं पाहतें आणि आपणच त्यास उठवितों. पाणी सांडतें हें खरें. पण तांब्याभर पाणी सांडल्याशिवाय वाटीभर पाणी न सांडतां नेतां येत नाहीं.

तीन वर्षांनंतर खरी चंगळ. मक्याचें वाळलें कणीस घ्यावें. मोठ्या माणसानें त्याच्या दोन ओळी आधीं सोलून द्याव्या, म्हणजे पुढील दाणे आंगठ्याच्या पेरानें लोटतां येतात. आंगठ्याचें असें काम दुसऱ्या कोणत्याही खेळण्यांत नाहीं. तुरीच्या हिरव्या शेंगा फोडण्यास चिमूट लागते. भाकरी थापतांना पिठाचा लहानसा गोळा मुलापुढें टाकावा. थापतांना तळहात पूर्ण उघडावा लागतो आणि दाब सारखा ठेवावा लागतो, नाहीं तर भाकरी फाटते. त्याची भाकरी नकाशासारखी होईल. ती भाजून त्यासच वाढावी. आपल्या जालन्याची मोसंबी, जिला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती या कामीं मोठी उपयोगी आहे. तिची साल घट्ट असते. सुरीनें एक चीर देऊन फळ मुलाच्या हातीं द्यावें. साल ओढून काढण्यास बोटांस बळ लागतें, वास नाकांत जातो, रस जिभेवर येतो. एका फळांत किती इंद्रियांचा धडा झाला, हें वाचकांनींच मोजावें.

श्रावणांत चिखल. पोळा आला कीं पूर्वीं घरोघरीं मुलें मातीचे बैल करीत. हल्लीं रंग दिलेले तयार बैल बाजारांत मिळतात व आपण ते आणतों. ज्यांच्या शेतांत चिकण माती आहे त्यांनीं पोळ्यापूर्वीं आठ दिवस एक पाटी माती आणून, खडे वेंचून, भिजवून ठेवावी. माती मळणें, लांबोळकी करणें, चार पाय बसविणें, शिंगें ओढून काढणें, यांत खांद्यापासून नखापर्यंत सर्व हात कामास लागतो; शिवाय पाय सारखे नसतील तर बैल उभा राहत नाहीं, ही गोष्ट डोळ्यांस आपोआप शिकावी लागते. कान लावल्याशिवाय बैल पुरा होत नाहीं, हें मात्र मुलांस आधीं सांगावें. बहुतेक जण विसरतात.

मैदानी खेळांविषयीं फार लिहीत नाहीं. लंगडी, फुगडी, लगोरी, सागरगोटे, सूरपारंब्या हे खेळ आपणां सर्वांस ठाऊक आहेत. लंगडींत एका पायावर तोल, सागरगोट्यांत डोळा व हात यांची जोड, सूरपारंब्यांत स्वतःचें वजन स्वतःच्या हातांनीं पेलणें. बांधावरून चालतांना मुलाचा हात न धरतां त्याच्या मागून चालावें. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसांतून एकंदर तीन तास तरी हालचाल व्हावी, आणि त्यांत एक तास चांगला धांवपळीचा असावा, असें वर उल्लेखिलेल्या सूचनेंत आहे. शेतावर गेलेल्या मुलाचा हा हिशेब न मोजतांच भरतो. मोबाईल दूरध्वनीवर मात्र त्याच सूचनेंत दोन वर्षांच्या आंतील मुलास मुळींच मुभा नाहीं, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास फार तर एक तास. तोही जितका कमी तितका बरा. जेवतांना मोबाईल समोर धरून घांस भरविण्याची जी रीत पडली आहे तिनें मुलाच्या हातचा घांस गेला. वरणभात कालवून तो बोटांनीं तोंडापर्यंत नेणें हा दिवसांतून तीनदां मिळणारा अभ्यास आहे, आणि तो फुकट आहे.

एक गोष्ट येथें स्पष्ट बोललें पाहिजे. आपल्या घरांत मुलीस निवडणें, टिपणें व सोलणें यांत लौकर बसवितात, आणि मुलास बाहेर हुंदडावयास मोकळें सोडतात. परिणामीं मुलीचीं बोटें तयार, पण ती झाडावर चढत नाहीं. मुलगा झाडावर चढतो, पण त्यास गुंडी लावतां येत नाहीं. दोघांचेंही अर्धें शिक्षण बुडतें. मुलास शेंगा सोलण्यास बसवावें आणि मुलीस सूरपारंब्या खेळूं द्याव्या. म्हाताऱ्या मंडळींस हें रुचणार नाहीं. कांहीं दिवस त्यांची बोलणीं खावीं लागतील.

आणखी असें कीं, काम आणि खेळ यांतला भेद विसरूं नये. मूल पांच कणसें सोलून उठलें तर त्यास उठूं द्यावें. पोतेंभर सोलून घेतलें कीं तें राबणें झालें, आणि तें या लेखाच्या हेतूच्या अगदीं उलट आहे. फवारणी झालेल्या शेतांत तर मुलास नेऊंच नये.

धोक्यांकडे आतां वळतों, कारण वर लिहिलेल्या कांहीं गोष्टी बेसावधपणें केल्या तर जिवावर बेततील. भुईमुगाचा दाणा, हरभरा, चिंचोका हे लहान मुलाच्या श्वासनलिकेंत अडकतात. तीन-चार वर्षांच्या आंतील मुलास असें दाणे कधींही एकट्यानें खेळावयास देऊं नयेत, भाजलेले शेंगदाणे खाण्यासही देऊं नयेत. द्यावयाचे तर कूट करून द्यावे. खेळतां खेळतां मुलास एकाएकीं ठसका लागून श्वासांत शिटीसारखा आवाज येऊं लागला, तर तो ठसका मागाहून थांबला तरी मुलास डॉक्टरकडे न्यावें, कारण दाणा खालीं उतरून फुप्फुसाच्या वाटेंत बसलेला असूं शकतो. दुसरें, पाणी. कठडा नसलेली विहीर आपणांस दिसते, पण शेततळ्याचें प्लॅस्टिक त्याहून घातक आहे. त्यावर शेवाळ धरलें कीं मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाहीं, आणि आंत पडलेल्यास वर येण्यास कांहीं धरावयास मिळत नाहीं. तळ्यास जाळीचें कुंपण व कडेला बांधलेला दोर असावाच. अगदीं लहान मूल बादलीभर पाण्यांतही बुडतें. तिसरें, औषधांच्या रिकाम्या बाटल्या व डबे. पाणी ओतण्याच्या खेळासाठीं मुलें हमखास त्याच उचलतात. त्या घरांत आणूं नयेत, कितीही धुतल्या तरी. कडबाकुट्टी यंत्राविषयीं वेगळें सांगण्याची गरज नसावी.

शेवटचा विषय नाजूक आहे, पण टाळतां येत नाहीं. सर्वच मुलें एका वेळीं चालत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह पांच देशांतील निरोगी मुलें पाहून २००६ सालीं जीं मापें प्रसिद्ध केलीं त्यांप्रमाणें आधाराशिवाय बसणें सुमारें चौथ्या ते नवव्या महिन्यांच्या दरम्यान, आणि स्वतंत्र चालणें सुमारें आठव्या ते साडेसतराव्या महिन्यांच्या दरम्यान येतें. कांहीं निरोगी मुलें हातगुडघ्यांवर न रांगतांच चालूं लागतात. तेव्हां शेजाऱ्याचें मूल दहाव्या महिन्यांत चाललें म्हणून आपलें मागें पडलें असें नव्हे. परंतु दीड वर्ष उलटलें आणि मूल चालत नाहीं, किंवा सबंध शरीर एका बाजूनें ताठ अगर लुळें वाटतें, हांकेस वळून पाहत नाहीं, डोळ्यास डोळा देत नाहीं, अगर पूर्वीं येत असलेली गोष्ट विसरलें, तर "याचा आजाही उशिरांच चालला होता" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच झालें. मुलगा एकोणीस महिन्यांचा, बसे, पण उभा राहीना. आजीनें नवस बोलला होता, काका पुढच्या जत्रेची वाट पाहत होते. अंगणवाडींत तपासणीस आलेल्या पथकांतील डॉक्टरांनीं त्यास पाहून जिल्ह्याच्या ठिकाणीं पाठविलें. तेथें आईस कांहीं व्यायाम शिकविले. ज्वारीच्या अर्ध्या भरलेल्या पोत्यावर मुलास पालथें घालून पुढेंमागें डोलविणें, घरच्या पायरीस धरून उभें करणें, असे ते साधेच होते. पण ते दररोज करावयाचे होते. तिनें ते एक दिवस न चुकवितां केले. सव्वादोन वर्षांचा असतांना तो मुलगा चालूं लागला. आजीनें नवसही फेडला. त्यांत कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं.

ही तपासणी कोणावर मेहेरबानी म्हणून होत नाहीं, हें वाचकांस ठाऊक असावें. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वयें जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी योजिलेली आहे: अंगणवाडींतील मुलांची वर्षांतून दोनदां, सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची एकदां. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वादिकांची कमतरता, आजार व वाढींतील विलंब हे चार प्रकार तींत पाहतात, आणि पुढील उपचारांसाठीं जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रें योजिलीं आहेत. त्याच वेळीं मुलाच्या रक्ताकडेही लक्ष द्यावें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील सहा महिने ते पांच वर्षांच्या शंभर मुलांमागें सुमारें ६९ मुलांत रक्त कमी आढळलें. रक्त कमी असलेलें मूल खेळत नाहीं, एका जागीं बसून राहतें, आणि आपण त्यास "शहाणें, गुणी बाळ" म्हणतों.

मात्र ही तपासणी अंगणवाडींत होते, आणि आपल्यांतील कित्येक जमीनदार शेतकरी आपलें मूल अंगणवाडींत घालणें कमीपणाचें समजतात. खिचडी गरिबांसाठीं, अशी भावना. मग त्यांचें मूल पिवळ्या मोटारींतून जातें, आणि गांवांत पथक येतें तेव्हां तें गांवांत नसतें. मूल कोठेंही शिकत असलें तरी अंगणवाडीच्या नोंदवहींत त्याचें नांव लावून घ्यावें, आणि तपासणीच्या दिवशीं त्यास घरीं ठेवावें. तारीख सेविकाबाईंस विचारली म्हणजे त्या सांगतात.

त्या बाईंच्या अंगणासाठींही दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. पूर्णेच्या कांठीं राहणाऱ्यांस वाळूचें महत्त्व सांगावयास नको. आपल्या बांधकामास रीतसर पावतीची वाळू येते तेव्हां तिच्यांतली दोन पाट्या बारीक चाळून अंगणवाडीच्या एका कोपऱ्यांत, चारी बाजूंस विटा लावून टाकावी. जुनी मापें, फुटका नसलेला माठ, मक्याचीं दहा-वीस कणसें, सुताराकडचे घांसलेले लांकडी ठोकळे हीं तिच्या जोडीस द्यावीं. वाळूवर रात्रीं पोतें झांकून ठेवावें, नाहीं तर मांजरें ती घाण करतात. आणि पावसाळ्यानंतर ती काढून नवी भरावी.